चौकट उपाशी ठेवायची नाही

५ जानेवारी

सून म्हणाली, "आई, दिवसभर माझ्या कानाशी जे बोलता ना, ते वहीत लिहून ठेवा. मलाही जरा काम सुचेल." हसत म्हणाली, पण मी लगेच वही आणली. चौथीपर्यंत शिकलेय, तीही पुरती नाही. चुका झाल्या तर वहीच्या पोटात राहतील.

तर आमच्याकडे मशीन आलंय. मागच्या बंद गॅलरीत, जिथे माझी कपड्यांची दोरी होती तिथे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद ताट, त्याच्यावर सरकणारा लोखंडी दांडा, दांड्याला लटकलेली मोटर. मोटरीच्या तोंडात पेन्सिलीच्या टोकाएवढं पातं. त्याला बिट म्हणायचं. कॉम्प्युटर जी वाट आखून देईल त्या वाटेनं ते फिरतं आणि प्लायवूड कापत जातं. आवाज असा काढतं की शेजारणीशी नळावर भांडतेय. मी मशीनचं नाव ठकूबाई ठेवलंय.

सून कारखान्यात नकाशे काढायची. कारखान्याला टाळं लागून सात महिने झाले. पोरीचा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता. आता ठकूबाईपुढे उभी राहते तेव्हा पुन्हा नव्या नवरीसारखी दिसते. मुलगा म्हणतो, "माझ्याकडे बघून कधी एवढी हसली नाही."

आणि आज मोठी बातमी. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना मुलांच्या खोलीच्या भिंतीवर लाकडाचे बारा प्राणी हवेत. बाजारातले छापील नकोत, हातानं काढलेले हवेत. सुनेनं परस्पर सांगून टाकलं, "आमच्या सासूबाई काढतात." मला न विचारता! एप्रिलच्या दहा तारखेला खोली उघडणार. हे चांगलं झालं तर इतर शाखांचं कामही सुनेलाच. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं ते कळलंच नाही.

९ जानेवारी

मांजर काढलं. शेपटीच एवढी ऐटबाज आली की मीच माझ्यावर खूश.

चित्र काढायचं मी कुठे शिकले? तीस वर्षं भरतकामाच्या कारखान्यात होते. मी सुई चालवत नव्हते, मी नक्षी उतरवायची. कागदावर वेल काढायची, मग त्या रेघेवरून सुईनं टोचत जायचं, टोचलेला कागद कापडावर ठेवून वरून निळी पूड चोळायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची वेल. सुनेनं मला कॉम्प्युटरवर दाखवलं, माझ्या मांजराच्या रेघेवरही तस्सेच बिंदू बिंदू. म्हटलं, "अगं, हा तर टोचलेला कागद!" ती म्हणाली, "आई, मला हे शिकायला दोन वर्षं लागली." बघा.

कागदाच्या चारी कोपऱ्यांत सून फुल्या मारून देते. कागदाचा फोटो काढला की कॉम्प्युटर त्या चार फुल्या फळीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवतो. म्हणजे मी काढीन तेवढंच चित्र कापलं जाणार, न लहान न मोठं. आणि प्रत्येक कागदामागे मी तारीख घालायची. नकाशेवालीची शिस्त.

१४ जानेवारी

फजिती! मांजराची रेघ पुसट वाटली म्हणून मी सून झोपलेली बघून जाड स्केचपेननं दोनदा गिरवली. ठकूबाईला नीट दिसावं म्हणून हो. तर त्या जाड रेघेला झाले दोन काठ, एक बाहेरचा, एक आतला. ठकूबाईनं दोन्ही काठांवरून कापलं. मांजराचं पोट खाली पडलं आणि हातात आली नुसती किनार.

सून कपाळाला हात लावून बसली. मग मी ती किनार डोक्यात मुकुटासारखी घातली, तेव्हा हसली. "आई, एकच रेघ. एकदाच. हात न उचलता."

"बरं बाई."

खालच्या मजल्यावरचे रिटायर काका केरसुणीच्या दांड्यानं छत ठोकतात. मी त्यांना ठोक्याकाका म्हणते. सुनेनं करार केला, सकाळी दहा ते बारा, त्यापुढे ठकूबाई गप्प.

२८ जानेवारी

मांजर, घोडा, बदक, उंट झाले. कापताना तुकडा उडून जाऊ नये म्हणून सून काठावर तीन-चार ठिकाणी थोडं न कापता ठेवते. आम्ही कापडाला कच्चे टाके घालायचो तसंच. मग ते टाके मी छोट्या करवतीनं सोडवते आणि काठ घासते. मला हे काम आवडतं. पण परवा उंटाचा पाय घासायला सकाळ गेली. सून म्हणाली, "राहू द्या, मी घासते." मी म्हटलं, घाई कसली.

आज प्लाय जळलं. बिट बोथट झालं होतं. सून आतल्या खोलीतून धावत आली, "आई, जळतंय! वास नाही आला?" मी तर शेजारीच स्टुलावर बसले होते. म्हटलं, "अगं, तोंडाला मास्क आहे ना."

ती बघतच राहिली. तिच्याही तोंडाला मास्क होता.

३ फेब्रुवारी

एक गंमत. माझं अक्षर आपोआप बारीक यायला लागलंय! आधी एका पानात पंधरा ओळी मावायच्या, आता एका ओळीच्या जागेत दोन ओळी बसवते. वही वर्षभर पुरेल. शाळेत मास्तरीण म्हणायची, तुझं अक्षर म्हणजे सुटलेली गुरं. आता येऊन बघ म्हणावं, मुंगीला वाचायला द्यावं असं आहे.

उजव्या हाताच्या अंगठ्याला नवा चाळा लागलाय. मी स्वस्थ बसले की तो आपला तर्जनीवर घासत बसतो, मेणाची गोळी वळल्यासारखा. मुलगा म्हणाला, "आई, काय मोजतेस?" म्हटलं, "तुझे अपराध."

हसला नाही. हल्ली कामाचा ताण आहे त्याला.

१२ फेब्रुवारी

आज माझं आणि ठकूबाईचं वाजलं. हरीण काढून दिलं होतं. फळीवर बघते तर मधोमध एवढंसं हरीण, चारी बाजूंना मैदान! म्हटलं, "ठकूबाईनं आकसवलं माझं हरीण."

सुनेनं माझा कागद आणला, पट्टीनं मोजलं. फुल्या बरोबर. हरीण कागदावरच तेवढं होतं. म्हटलं, असेल बाई, हरीण लांब उभं असेल.

ती कागद घेऊन खूप वेळ खिडकीशी उभी होती. एवढं काय बघायचं त्यात? पाय जरा जवळ जवळ आलेत खरे.

२१ फेब्रुवारी

ससा तीनदा काढला. "आई, जरा मोठा काढा ना." मी मोठाच काढतेय! डोक्यात एवढा थोरला ससा असतो, कागदावर उतरता उतरता कुठे धुतल्या लोकरीसारखा आटतो कोण जाणे.

मग सुनेनं कॉम्प्युटरवर ओढून मोठा केला. तर रेघा जाड झाल्या, दोन पाय एकमेकांना चिकटले, कानांमधली फट बुजली. तीन मिलिमीटरचं बिट त्या फटीत शिरेचना. पण एक चांगलं झालं. मी विचारलं, "बिंदू किती गं?" मांजराचे चौसष्ट होते. सशाचे सातशे बारा! एवढ्याशा जागेत सातशे बारा! कारखान्यात एवढं बारीक टोचणारीला पुढच्या बाकावर बसवायचे.

"रेघ थरथरली की बिंदू वाढतात, आई," सून म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. चहा आणलाच नाही. विसरली असेल.

५ मार्च

काहीतरी शिजतंय. माझ्याशिवाय शिजतंय.

काल दुपारी मी डोळे मिटून पडले होते. आत दोघांचं चाललेलं. मुलगा म्हणाला, "अजून किती दिवस न सांगता राहायचं?" सून म्हणाली, "बारा पुरे होऊ देत. एवढं होऊ देत."

"आणि नाही झाले तर?"

"तर बघू."

आज सुनेच्या कॉम्प्युटरवर हत्ती दिसला. माझा नाही. माझा हत्ती अजून काढायचाय, मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. हा गुळगुळीत, छापील, बाजारातला. मी आले तशी तिनं तो झटकन बंद केला. आणि माझ्या चित्रांची फाईल कपाटात नाही. अकराच्या अकरा कागद गायब.

म्हणजे ग्रंथपाल बाईंना चित्रं आवडली नाहीत. सांगायला जीभ रेटत नाहीये तिची. अगं, सांग ना. मी काय काचेची आहे?

६ मार्च

बसवत नाही. उठवत नाही. दारापर्यंत गेले, परत आले. पाण्याचा तांब्या भरला, ओतला, भरला. ठोक्याकाकांनी खालून ठोकलं, आज तर ठकूबाई बंद आहे! जिन्यात भेटले तेव्हा विचारलं, "अहो, आज का ठोकलंत?" म्हणाले, "तुमच्या चपला दिवसभर घासत होत्या डोक्यावर. पाय उचलून चाला की वहिनी."

आता चालण्यावरही करार करायचा का?

७ मार्च

हत्ती काढायला बसले. हत्ती होईना. उंदीर झाला. कागद फाडला. दुसरा काढला, तोही उंदीर. फाडला.

१२ मार्च

आज दोघं मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मला वाटलं, गुडघ्यासाठी.

बाई तरुण, बोलायला गोड. मला म्हणाल्या, "हात मांडीवर ठेवा, शंभरपासून उलटे आकडे म्हणा." मी आकडे म्हणतेय आणि अंगठा आपला गोळ्या वळतोय. मग चालून दाखवा, मग शर्टाचं बटण लावून दाखवा. मग म्हणाल्या, "एक भोवरा काढा, आतून बाहेर फिरत जाणारा." आधी त्यांनी एक काढून दाखवला. मी म्हटलं, "बाई, राग मानू नका, पण तुमचा भोवरा चपटा आहे." त्या हसल्या. मग मी काढला. त्यांच्या भोवऱ्याच्या पोटात माझे चार मावले असते.

मग सुनेनं पिशवीतून फाईल काढली. माझी फाईल! टेबलावर एकेक कागद ओळीनं मांडला. मांजर. घोडा. बदक. उंट. माकड. हरीण. ससा. साळिंदर. कोल्हा. कासव. खार. मागच्या तारखांप्रमाणे.

मी काढताना एकेकटे काढले होते. अशी रांग कधी पाहिली नव्हती. मांजर कागदभर. घोडा जरा कमी. उंट त्याहून कमी. तिथून पुढे लहान, लहान, आणि खार तर दाण्याएवढी. माझे प्राणी रस्त्यानं लांब लांब चाललेत आणि मी फाटकात उभी राहून बघतेय असं वाटलं.

मग मीच म्हटलं, "ठकूबाईची चूक नव्हती म्हणायची."

सून रडायला लागली. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. लहानपणी दात पडायचा तेव्हाही असाच बघायचा.

रोगाचं नाव लांबलचक आहे, ते मुलाला लिहून घ्यायला सांगितलं. मला समजलं ते एवढंच. डोकं हाताला निरोप पाठवतं ते वाटेत बारीक होतं. अक्षरही त्यानंच बारीक. वासही त्यानंच जातो म्हणे. म्हणजे मी मुंगीच्या अक्षराची ऐट करत होते, ती ही. गोळ्या दिल्या आहेत. बरं होत नाही, पण सांभाळता येतं. बाई म्हणाल्या, "मोठं काढायचं असं मनात म्हणा. समोर रेघ आखा, तिच्यापर्यंत पोचायचं."

१३ मार्च

लिहावंसं वाटत नाही.

१६ मार्च

सुनेला समोर बसवलं. "तो बाजारातला हत्ती कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच, आई."

"मी बाजारात राहते का?"

"तुम्हाला नाही जमला तर... तो तुमचा म्हणून लावला असता. कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना गं भवाने!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले की खालून एक ठोका आला. दोघी दचकलो आणि हसत सुटलो. हसता हसता तिनं माझा हात धरला, अंगठा थांबला. सोडला की पुन्हा सुरू. म्हटलं, "याला बांधून ठेव." ती म्हणाली, "आई, मला फेब्रुवारीतच संशय आला होता. पण हे काम गेलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं तुमच्यामुळे गेलं. आणि मला पण... मला हे काम हवंच होतं. म्हणून तुमच्याकडून काढून घेत राहिले. थांबवायला हवं होतं."

मी म्हटलं, "थांबवलं असतंस तर तुझ्या ठकूबाईत पाणी ओतलं असतं." खरंच ओतलं असतं.

पण हत्तीचं काय? पंचवीस दिवस उरलेत. रात्र नको नि दिवस नको झालाय. बसल्या जागी पाय हलतो तो रोगानं की काळजीनं, कोण सांगणार.

१९ मार्च

सुचलं! आंघोळ करताना सुचलं, तशीच ओल्या केसांनी बाहेर आले.

कारखान्यात मोठ्या पडद्यांवर नक्षी असायची, पंधरा-पंधरा फूट. ती हातानं थोडीच काढायचो? आधी लहान चित्रावर चौकटी आखायच्या, मग पडद्याएवढ्या कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकटी. लहान चौकटीतली रेघ मोठ्या चौकटीत भरायची. आमची मुकादमीण मागे पट्टी घेऊन फिरायची. रेघ चौकटीच्या काठाला टेकली नाही की ओरडायची, "चौकट उपाशी ठेवायची नाही!" आणि मनगट वापरलं तर त्याच्यावर पट्टी. म्हणायची, खांद्यातून काढ.

डॉक्टरीणबाई तरी दुसरं काय म्हणाल्या?

सुनेला सांगितलं. तिनं माझ्याकडून पुन्हा एक उंदरासारखा हत्ती काढून घेतला, त्याच्यावर बारीक चौकटी आखल्या. मोजत होती, पुटपुटत होती. शेवटी म्हणाली, "कागद नको. गच्ची."

२३ मार्च

आज गच्चीवर हत्ती काढला. बारा फूट लांब!

सकाळी सुनेनं दोरीला खडूची पूड लावून फटाफट चौकटी पाडल्या, एकेक दोन फुटांची. चारी कोपऱ्यांत मोठ्या फुल्या. मुलानं केरसुणीचा दांडा आणला (ठोक्याकाकांचाच, मागून आणला), त्याच्या टोकाला खडूचा गठ्ठा बांधला. मी उभी राहून काढायला लागले. पहिली रेघ आकसली. सून मागून ओरडली, "आई, चौकट उपाशी आहे!"

अगदी मुकादमीण. मी खांदा मागे घेतला आणि ओढली. सोंड कपाळापासून निघाली ती चौथ्या चौकटीच्या काठाला टेकूनच थांबली. मग मला कुणी थांबवेना. पाठ, शेपटी, पाय, चारही वेगवेगळे, मधे माणूस झोपेल एवढी जागा. कानाची वळी काढताना मी स्वतःच गोल फिरले. अंगठा? त्याच्याकडे लक्ष कुणाचं होतं!

ठोक्याकाका दांडा परत न्यायला वर आले होते. तासभर शिडी धरून उभे राहिले, कारण सून पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढत होती. जाताना म्हणाले, "वहिनी, डोळा जरा मागे गेलाय."

मी म्हटलं, "हत्तीचा आहे, तुमचा नाही."

गेलाय खरा मागे. पण राहू दे.

सुनेनं बिंदू मोजले. ऐंशी!

३ एप्रिल

भिंतीवर हत्ती सहा फुटांचा बसायचाय आणि ठकूबाईचं ताट दोनच फुटांचं. म्हणजे हत्ती तुकड्यांत. चार झाले, कानाचा चुकला. सुनेनं सुरुवातीचा शून्य बिंदू बोटभर बाजूला लावला, कान फळीच्या बाहेर गेला. फळी वाया. मग नवी फळी आणेपर्यंत दोन दिवस. खार आणि कासव यांच्यासाठी एक मिलिमीटरचं बिट आणलंय, त्यातली तीन मोडली. सून नखं खातेय. मी स्टुलावरून उठतेय, बसतेय. तिनं म्हटलं, "आई, एका जागी बसा!" मी म्हटलं, "तू नखं खायची थांब, मग बसते."

आज बारा वाजले तरी कान पुरा झाला नव्हता. सून बटण बंद करायला गेली. खालून ठोका नाही. पुन्हा पाच मिनिटं, ठोका नाही. मग दारावरच टकटक. काका. "कान अर्धा ठेवू नका," म्हणाले आणि गेले.

१० एप्रिल

खोली उघडली.

सुनेनं भिंतीवर प्राणी कसे लावले ते मला आज दिसलं. कुणालाच ओढून मोठं केलेलं नाही. जसे काढले तसेच, तारखेच्या ओळीनं. मांजर, घोडा, बदक, सगळे लहान लहान होत खारीपर्यंत. आणि खारीनंतर एकदम, दाराच्या शेजारी, भिंतभर हत्ती.

ग्रंथपाल बाई सगळ्यांना सांगत होत्या की ही कल्पना फार सुंदर आहे. त्यांना खरं काय ते माहीत नाही. सून माझ्याकडे बघत होती, सांगू का म्हणून. मी मान हलवली, कशाला. बाईंनी तिला बाजूला नेऊन दुसऱ्या शाखेचं विचारलं. लांबून मला तिचा चेहरा तेवढा दिसला. नवी नवरी.

एक फ्रॉकवाली मुलगी रांगेसमोर फिरत होती. मला म्हणाली, "आजी, हे येतायत की जातायत?"

मी पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हटलं, "हत्तीला विचार, तो सगळ्यांच्या पुढे आहे."

ती खरंच हत्तीच्या कानाशी तोंड नेऊन विचारायला लागली. मग त्याच कानाला स्वतःचा कान लावून उभी राहिली. काय ऐकलं, मला सांगितलं नाही.

१२ एप्रिल

जुनी वही अजून अर्धी कोरी आहे, पण सुनेनं नवी आणली. दुरेघी, पहिलीतल्या मुलांची. वरच्या रेघेला डोकं टेकलं पाहिजे, खालच्या रेघेला पाय. "रोज एक पान, आई. आणि मी तपासणार."

मुकादमीण मेली असेल केव्हाच, पण पट्टी घरात आली.

घोडा पुन्हा काढायचाय, दुसऱ्या शाखेला. गच्चीवर. काकांचा दांडा मागून आणलाय.

अजून लिहायचं पुष्कळ होतं. पण अक्षर मोठं काढायचं, तर पान एवढ्यातच भरलं.